सायकलींचा पत्रा

जकात बंद झाली तेव्हा मला नाक्यावरून उचलून
कोपरीत मालमत्ता करात टाकलं.
तिथे ट्रक मोजायचो, इथे पत्रे मोजतो.

टपाल कचेरीमागे नवी शेड: एकशे चाळीस चौरस फूट.
नोंद नाही, आकारणी नाही.
बिल घेऊन गेलो.

पोस्टमास्तर वैजयंती गोळे यांनी चष्मा पुसला,
बिल वाचलं नाही.
"केंद्राची मिळकत. कलम दोनशे पंच्याऐंशी."
मी तयारीत होतो.
"यादीत टपाल लिहिलंय, बाई.
शेड कुठे लिहिलीय?"

"टपाल म्हटलं की पोस्टमन आला.
पोस्टमन आला की सायकल,
सायकल खाडीच्या वाऱ्यात गंजते, म्हणून पत्रा.
लग्नाच्या यादीत मानपान लिहितात,
जावयाची भूक लिहीत नाहीत.
म्हणून ताट रिकामं ठेवता?"

"असं भुकेमागून भूक येत राहिली
तर उद्या अख्खं ठाणं तुमच्या पंगतीला!"

"कामाला लागेल तेवढंच येईल.
मी इथे झेरॉक्सचं दुकान काढलं
तर खुशाल लावा कर.
पण तुमचं काय?
आज पत्र्याला साठ रुपये,
कुणी रुसलं की सहाशे,
मग पेटीच्या फटीवर जप्तीचं सील.
जे बंद करता येत नाही
ते महाग करता येतं, साहेब."

मला नाका आठवला.
तिथे मी एक बांबू आडवा करायचो
आणि कांदे सडायचे.

बाहेर गोरख गटार उपसत होता.
शेडचं पाणी त्याच गटारात.
मी नुसतं बोट दाखवलं.
बाई बराच वेळ बघत राहिल्या.
"त्याचे द्यायला हवेत," म्हणाल्या.
"कर म्हणू नका, सेवाशुल्क म्हणा.
आणि रीतसर टपालाने पाठवा,
मला वर कळवावं लागतं."

म्हणून नवा कागद केला,
परत आलो, त्यांच्याच खिडकीवर रांगेत उभा राहिलो.
पाकिटावर पत्ता: हीच खिडकी.
तिकिटाचे पैसे महापालिकेचे.
पोच मी जपून ठेवलीय.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन ढवळे
शेडखाली सायकल लावून
ते पाकीट आत घेऊन गेला म्हणे.

गोरखच्या फावड्याचा दांडा मोडलाय.
त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे,
कुठल्या खात्यात टाकू,
अजून सापडत नाही.