पाच चौकटी

वाइनो लाहती सॉनात सापडला,
लेक सुपीरियरच्या काठी, धुराड्याची झडप बंद.
शेरीफ म्हणाला, बायको गेल्यापासून गप्पच असायचा म्हातारा,
आणि त्याने माझ्या फॉर्मकडे पाहिलं.

पाच चौकटी असतात. एकीतच खूण करायची.

रक्त चेरीसारखं लाल. धुराचं काम.
एवढं शरीर सांगतं.
झडप कुणी लोटली, ते नाही सांगत.

म्हणून बर्फ तुडवत परत गेले.
खुंटीला धुतलेला सदरा,
वरची तीन बटणं आधीच सोडवलेली,
आखडलेल्या बोटांना नंतर त्रास नको म्हणून.

नंतर.

मी ‘अपघात’ लिहिलं.
मुलीने फोनवर विचारलं, थंडी वाजली असेल का हो त्यांना?

याला चौकट नाही.
म्हटलं, नाही. ऊब होती.