भट्टीतून वाचलेलं पान

कौलांच्या कारखान्याला कुलूप लागलं
त्याच साली खानापुरातल्या वाचनालयाचं एक कपाट
हातगाड्यावरून माझ्या ओट्यावर आलं.
दोन फळ्या मराठीच्या, एक कानडीची,
खालच्या कप्प्यात एक उंदीर.
त्याला दोन्ही चालायच्या.

मी वही घातली. तारीख, नाव, सही.
पुस्तक परत आलं की विचारायचो,
"काय शिकलास, सांग बघू?"
पोरं शहाणी.
यायचीच बंद झाली.

मल्लवाचा नातू तेवढा येत राहिला, दीड वर्षाचा.
त्याच्या लेखी पुस्तक ही खायची वस्तू.
हत्तीचा एक कान त्यानं फस्त केला
आणि उरलेल्या हत्तीकडं
इतक्या मायेनं बघत बसला
की मी वहीत त्याचं नाव लिहून टाकलं.

मग शिवानी. दुसरीतली.
शाळेत कानडी, घरात मराठी.
"ओदु म्हणजे वाच," तिनं मला शिकवलं.
ळ दोन्हीकडं आहे म्हणून
तो दिसला की हसायची,
बाजारात मामेभाऊ भेटावा तशी.

तेरा वर्षांचा सिद्राय मात्र
कपाटाकडं पाठ करून बसायचा.
मी काही बोललो नाही.
मला त्याचे हात हवे होते, भट्टी लावायला.

त्या रात्री जळण ओलं.
रद्दी फाडून आत सारत होतो.
सिद्रायच्या हातातलं पान काही आत जाईना.
"टाक की!"
"थांबा मामा, वाचूलालोय."

जाळाच्या उजेडात एक बाई,
पुलावर उभी, हातात पत्र,
पाकीट फोडते, आणि

पान संपलं.
पुढचं मी मघाशीच जाळलं होतं.

"पत्रात काय होतं?"
मला काय ठाऊक गा.
असा तापला माझ्यावर,
भट्टीपरास जास्त.

दुसऱ्या दिवशी आळीभर विचारत फिरला.
मल्लवा म्हणाली, पैसे आले असतील.
सिद्रायचा बाप म्हणाला, कर्ज नाहीतर लग्न,
पत्रात दुसरं काय असतंय?
शिवानी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, पत्र कानडीत असणार,
बाई मराठी,
म्हणून ती पुलावर थांबलीय
कुणीतरी वाचून दाखवंल म्हणून.
मल्लवाच्या नातवानं पानाला हात घातला
तेव्हा सगळे एकदम ओरडले.

सिद्रायनं ती बाई आठवडाभर कपाटात शोधली.
नाही सापडली.
शोधायला म्हणून उघडलेली चार पुस्तकं
मिटायची तेवढी राहून गेली.

लोक म्हणतात, मोनाप्पा,
तू मडकी घडवतोस तशी पोरं घडवलीस.
मातीचं नाव काढू नका.
माती मी फिरवीन तशी फिरते.
ही पोरं कपाटापुढं पालथी पडून
मलाच चहा आणायला पिटाळतात.

वहीची पानं शिवानीला चित्रं काढायला दिली.
रद्दी मात्र आता नीट बघून घेतो,
एकेक पान, चष्मा लावून.
ज्यात गोष्टीचा शेवट आहे
तेवढंच जाळतो.