खालचा

आमच्या अंजनवेलीत रात्री सापाला साप म्हणत नाहीत,
लांबडं म्हणतात, म्हणजे त्याला कळत नाही.
मुहर्रकच्या धक्क्यावर याला काहीच म्हणत नाहीत.
नाखुदा कंदिलाची वात खाली करतो
आणि पाण्याकडे बोट दाखवतो:
खालचा.

इथं समुद्राच्या पोटात गोडं पाणी फुटतं.
खाऱ्याच्या तळाशी झरा, शहाळ्यासारखा गार.
पाणबुडे बुडी मारून पखालीचं तोंड त्याला लावतात,
नाकाला शिंगाचा चिमटा, पायाला दगड.
मी वर दोर धरून बसायचो,
शरफूच्या कमरेचा दोर.
एक हिसका: सोड. दोन: ओढ.
तीन हिसक्यांचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता.

ज्या रात्री धाकटा चंद्र लवकर बुडाला
तीन हिसके आले.

ओढलं. पखाल आली, भरलेली, तोंड नीट बांधलेलं,
शरफूचीच गाठ, डावखुरी.
आणि दोराच्या टोकाला कात.
सापाची असती तर फेकली असती.
हिला खांदे होते. कोपर होतं.
पाच बोटं, बोटांमध्ये पातळ पडदा,
तळव्यावर रेषा,
आणि अंगठ्याखाली शरफूचा सुरीचा व्रण,
आरशात दिसावा तसा, दुसऱ्याच हातावर.

पाणी सगळे प्यायले. ऊन कडक होतं.
मीही प्यायलो.

सातव्या रात्री तो सुकाणूवरून चढला,
घोरपड चढते तसा, पोट लाकडाला घासत,
आणि मग उभा राहिला, माणसाहून हातभर उंच.
डोळ्यावरून पापणी आडवी सरकली.
अंगाला ताज्या फोडलेल्या शिंपल्याचा वास.
जबडा उघडला तेव्हा म्हटलं, संपलं.
तर आतून शरफू बोलला:
"धाकू, चिठी लिव."

जहाजावर अक्षर येणारा मी एकटा.
लिहिलं.
आईस सलाम. तब्येत खुशाल. इथलं पाणी गोड आहे.
हंगाम संपला की येतो.
वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून
त्यानं कोपरा नखानं दाबून धरला होता.
भोक पडलं. ते तसंच गेलं गावी.

दोन महिन्यांनी उत्तर आलं,
हलीमाबीनं मास्तरांकडून लिहून घेतलेलं.
शेळी व्याली. कुळथाचं पीठ पाठवते.
कागदाला भोक कसलं पडलं होतं?
तुझ्या बाजल्यावर कुणाला निजू देत नाही.

मी ते काठावरून, हळू, पाण्याला वाचून दाखवलं.
खाली काहीतरी मोठं कुशीवर वळलं.
त्या महिन्यात एकही पाणबुड्या कमी झाला नाही.

तेव्हा कळलं तो काय खातो.
मांस म्हणजे त्याला नुसता उंबरा.

अकरा हंगाम पोसलं मी त्याला.
बाराव्यात मास्तरांचं स्वतःचं पत्र आलं, चार ओळी.
ते वाचलं नाही पाण्याला.
घडी करून मुंडाशात ठेवलं
आणि म्हातारीची पत्रं मीच लिहायला घेतली.
शेळी परत व्याली. तिला तीन करडं दिली,
पुढच्या खेपेला चार.
चार जरा जास्त झाली असावीत.
खालून बराच वेळ काही हललं नाही.
दुसऱ्या दिवशी सूरचा एक पोरगा वर आला नाही,
नुसता त्याचा चिमटा तरंगत आला.

काल तो पुन्हा चढला.
कागद मागितला नाही.
माझा हात हातात घेतला,
ओल्या पखालीसारखा त्याचा हात,
माझा उलटा केला, सुलटा केला,
रेषा पाहिल्या, दोराचे घट्टे पाहिले,
ज्योतिषीही इतका वेळ घेत नाही.
मग शरफूच्याच मायेनं विचारलं,
"तुला रे, धाकू?
तुला कोन लिवता?"