जमिनीपासून नऊ इंच

सातपूरच्या त्या गाळ्यातली आग विझून
तीन दिवस झाले होते,
तरी पुठ्ठा आतल्या आत धुमसत होता,
कुणी झोपेत पुटपुटावं तसा.
द्राक्षांच्या पेट्या. ऐन हंगामाचा माल.

दारातच मला सांगून झालं होतं :
रखवालदार देवराम भोये, सुरगाण्याकडचा,
थंडीची रोज शेकोटी पेटवायचा.
मॅडम, तुम्ही फक्त लिहा.

वडनेरे सर म्हणायचे,
जास्त जळलंय तिथं आधी जाऊ नकोस,
तिथं जळायला जास्त होतं, एवढंच.
कमी जळालेल्यापासून सुरुवात कर
आणि आगीच्या उलट चालत जा.

मधोमध पेट्यांची थप्पी होती,
तिच्यावरची लोखंडी कैची मेणासारखी वाकलेली,
सगळ्यांची बोटं तिकडेच.
मी पश्चिमेच्या कोपऱ्यातून निघाले,
जिथं कॅलेंडर नुसतं तपकिरी झालं होतं,
जानेवारी अजून वाचता येत होता.

पुढं जुना पिवळा बल्ब.
काच मऊ होऊन एका अंगाला फुगलेली,
गालात सुपारी धरावी तशी.
फुगवटा पूर्वेकडे.

पूर्वेच्या भिंतीवर, डिंकाच्या मशीनमागे,
काजळी खाली चिमूटभर, वर सूप.
सुपाच्या पोटात इतकी धग
की काजळीही जळून गेलेली,
भिंत पुन्हा गोरी.
चिमटीपाशी एक वायर, जोडावर जोड दिलेली,
आणि तिच्या टोकाला
मोहरीएवढा तांब्याचा मणी.

तांबट आळीत वाढले मी.
वडील हंडा हातात फिरवून सांगायचे,
हा भट्टीत कुठल्या कुशीवर झोपला होता.
आगीत वितळलेलं तांबं ओघळतं, लांबट होतं.
हा गोल होता. एका क्षणाचा.
वायरीत वीज असतानाचा.
मी तो डबीत ठेवला, वर तारीख घातली,
आणि उगाच वाटलं, हे दाखवायला ते हवे होते.

शेकोटीचं घमेलं बाहेर होतं, फाटकाशी.
राख पांढरी, निवांत,
वर एक अर्धी काटकी, जळायची राहिलेली.

आत दाराशी, जिथं तो झोपायचा,
काळ्या फरशीवर दोन फिकट आकार.
चपलांचे. अंगठे दाराकडे.
तो अनवाणी उठला होता.
बाहेर पळणाराही अनवाणीच पळतो, खरं आहे,
पण देवरामचे हात भाजलेत,
आणि हात भाजायला आत जावं लागतं.

बुरडशेठनी चहा मागवला.
शॉर्टसर्किट लिहिलंत तर मंजूर लोडची फाइल निघते, म्हणाले.
शेकोटी लिहा.
गरीब माणूस, त्याला कोण काय करणार?
चहा चांगला होता. मी प्यायले.

सिव्हिलमध्ये तो भिंतीकडे तोंड करून पडला होता,
हात कोपरापर्यंत पट्ट्यांत.
बाई, माझ्याच शेकोटीची ठिणगी गेली असंल, म्हणाला.
तीन दिवस सगळे सांगत होते,
आता त्यालाही ती दिसू लागली होती,
उडताना, फटीतून आत शिरताना,
रंगासकट.

मी सांगितलं : पूर्वेची भिंत.
जमिनीपासून नऊ इंच.
रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय, सही करून आले आहे.
त्याने ऐकून घेतलं,
नऊ इंच म्हणजे किती ते पट्टीतल्या हाताने
गादीवर मापून पाहिलं.

मग बराच वेळ काही बोलला नाही.
नर्स सलाईन बदलून गेली.

चपला सापडल्या का, त्याने विचारलं,
दिवाळीच्याच होत्या.

नाही, म्हटलं.
त्यांची जागा सापडली.