मागच्या रांगेतली तिसरी

कॅसेट खपावी म्हणून आम्ही चित्रं काढायचो.
एवढंच काम होतं चित्रांचं :
दुपारी साडेतीनला केबलवर गाणं लागावं
आणि संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या दुकानात कुणीतरी
चाल गुणगुणत विचारावं,
"ते आहे का हो, धुराचं?"

धूर माझा.
मशीन नाना पेठेतून भाड्यानं,
दिवसाला दीडशे, लिक्विड वेगळं.
तळजाईच्या पठारावर पहाटे सहाला आठ मुली,
सारख्या साड्या मात्र पाचच.
मग उरलेल्या तिघी मागे,
आणि मागे धूर.

पुढे व्हीसीडी आली. स्वारगेटच्या फूटपाथवर पन्नासला तीन.
गाणं पाच मिनिटांचं,
त्यात निर्मात्याचा फोटो सहा मिनिटं.

आता पोरं येतात भाऊंच्या वाढदिवसाची.
भाऊ गाडीतून उतरतात, गॉगल लावतात, दार लोटतात.
"गाणं कुठलंही टाका काका,
दार ठोक्यावर लागलं पाहिजे."
मी लावतो.
दाराचे पैसे वेळेवर येतात.

सोमवारी निनाद पासलकर आला, धनकवडीचा.
हेल्मेट काखेत, पिशवीत बुरशी चढलेली व्हीएचएस.
"आई आहे यात. मागच्या रांगेत तिसरी.
फोटो आहेत घरी.
हलणारी कुठेच नाही."

स्पिरिटनं पुसत, हातानं रीळ फिरवत
दोन दिवसांनी टेप चालली.
गाणं सुरू झालं तसा म्हणाला,
"आवाज बंद करता?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते मुकं पाहिलं.
आठ मुली उजाड पठारावर हात उडवतायत,
कशासाठी, काही कळेना.
एक कोपर. बांगड्या. मग माझा धूर.
"पुढे?"
"पुढे धूर आहे."
"वारा नव्हता त्या दिवशी?"

होता. थोडासा.
दुसऱ्या कडव्याआधी धूर फाटतो तिथे ती आहे,
कॅमेऱ्याकडे पाठ जवळजवळ,
शेजारणीचं पाऊल चुकलंय म्हणून हसतेय.
एकोणीस फ्रेम. सेकंदसुद्धा भरत नाही.

हा तुकडा मला काढायचा होता तेव्हा.
पण मधलं कापलं की टेपवर पुढचं सगळं पुन्हा करावं लागे,
आणि स्टुडिओचा तास संपत आला होता.
हे त्याला सांगितलं नाही.

विचारलं, "स्लो करून देऊ?"
"नको. ती अशीच होती. भरभर."
पेन ड्राइव्ह खिशात टाकला, पाकीट काढलं,
"किती झाले?"

मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघितलं.
तिथे मिनिटाचा भाव आहे.