निकोरा

गुराम जिने चढून आला तेव्हा
सीडी त्याच्या स्वेटर आणि शर्टाच्या मधे होती,
उबेत,
अंडं आणावं तशी.

कुताइसी, फेब्रुवारी, चौथा मजला.
त्सिआलानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच तक्रार सुरू केली,
पेशंटनं दाताची सांगावी तशी:
रात्रीचा ठणकतो, आपोआप खिडक्या उघडतो,
परवा तर बोलता बोलता निळा पडला.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दात उपटलेली बाई.
विचारलं, "काढावंच लागेल का?"

काढावंच लागणार होतं.

"काय काय ठेवायचंय?"
"काही नाही."
मग, "झाझानं सलोनिकाहून पाठवलेले फोटो."
ते त्यानं उतरवून घेतले.
मग, अगदी शेवटी, "आणि माझे डाव."

पत्त्यांचे. एकटीचे.
लाल नव्वीवर काळी अठ्ठी, तिच्यावर लाल सत्ती,
दवाखाना सुटल्यापासून रोज, जेवण झालं की.
खेळलेले पाच हजार सहाशे दोन, जिंकलेले नऊशे अठरा.
हा आकडा कुठल्या फाइलीत राहतो
ते गुरामला ठाऊक नव्हतं.
शोधत राहिला, कान तांबडे होईपर्यंत.
"राहू दे रे," ती म्हणाली,
आणि आकडा कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिला,
खाली तारीख, खाली सही,
औषधाच्या चिठ्ठीवर करायची तशी.

पडद्यानं विचारलं: सगळं पुसलं जाईल. नक्की?
तिनं चष्मा लावला.
बोट तिनंच ठेवलं.

मग ती पट्टी.
एकोणचाळीस मिनिटं बाकी.
मग बराच वेळ एकोणचाळीसच.
चहा झाला, अक्रोड फोडून झाले, मग एकदम बावीस.
"तुझी ही मिनिटं आमच्या नगरपालिकेसारखी," ती म्हणाली,
आणि नगरपालिकेनं बहुतेक ऐकलं.
एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.

खाली अंगणात कुणीतरी सवयीची शिवी दिली.
काळोखात यंत्राचा पंखा उतरत उतरत थांबला.
गुराम म्हणाला, आता ते जुनंही नाही, नवंही नाही,
विचारलं तर नावसुद्धा सांगता येणार नाही त्याला.
मेणबत्ती सापडली, काड्या दुसऱ्या खोलीत.
तिनं ड्रॉवरमधून खरे पत्ते काढले.
किलवरची राणी हरवलेली,
तिच्या जागी ट्रॉलीबसचं तिकीट.
चार डाव झाले, चारही तिनं मारले.
तिकिटानं दोनदा त्याचा गुलाम खाल्ला.

सव्वादहाला लाइट आली
आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न:
स्वागत असो. भाषा कोणती. वेळ कुठली.
यादीत कुताइसी नव्हतं, त्बिलिसी चालवून घेतलं.
मान्य आहे, मान्य आहे, न वाचता मान्य आहे.
तुमचं नाव?
तिनं वडिलांच्या नावासकट सांगितलं, चौकटीत मावलं नाही.
संगणकाचं नाव?

"त्याला वेगळं असतं?"
"काहीही द्या. पीसी-एक द्या, सगळे तेच देतात."
ती पत्ते पिसत राहिली
इतका वेळ, की त्याला वाटलं
बसल्या बसल्या डोळा लागला हिचा.

"निकोरा."
आजोबांचा बैल. कपाळावर पांढरा ठिपका.
नांगराचं तास अर्ध्यावर आलं की थांबायचा, मनात येईल तेव्हा.
मारून हलायचा नाही, ओरडून हलायचा नाही,
सोडवून पुन्हा बांधापाशी नेऊन उभा करावा लागे,
मग चालायचा, काही झालंच नाही असा.

साडेबाराला गुराम उतरला,
बगलेत आंबट आलुबुखारांच्या चटणीची बरणी,
जिन्यात दिवा नाही म्हणून पायऱ्या मोजत.

वर तिनं डाव उघडला.
खेळलेले शून्य. जिंकलेले शून्य.
लाल दश्शी पहिल्याच ओळीत, काळी नव्वी काही येईना.
हरली.
खेळलेले एक.
कॅलेंडर भिंतीवरून काढलं, पाठ बघितली,
न लिहिता परत लावलं
आणि नवे पत्ते मागितले.
निकोरा जरा थांबला,
मग निघाला.