फरशीखालचा ठेका

शनिवारी एकला भोंगा व्हायचा.
आम्ही पायांना गुंडाळलेले पेपर सोडायचो:
फुटबॉलचे निकाल, कुणाचं लग्न, कुणाची मयत,
सगळं काळं, तेलकट, गुडघ्याच्या आकाराचं.
हजारो चमचे चाकावर धरून उडालेली काजळी
कानात, नाकात, भुवयांत.
डोरीन म्हणायची, बड्यांच्या घरी सूप प्यायला
आपण आपलं तोंड पाठवतो, तेही उलटं.

मग सार्वजनिक न्हाणीघर.
पाणी एकदाच मिळेल, अशी पाटी होती.
आम्हाला वाचता येत नव्हतं, शनिवारपुरतं.

शेफील्डमध्ये तेव्हा रात्र पुरती व्हायचीच नाही.
भट्टीनं तोंड उघडलं की नदी तांबूस,
ढगांची पोटं तांबूस,
आणि उंच टाचा हातात घेऊन
उतारावरून येणाऱ्या आम्ही चौघी
घटकाभर केशरी, मग पुन्हा नुसते आवाज.

हॉलचं नाव अल्बर्टा. कोण ही बाई, कुणी विचारलं नाही.
दीड शिलिंग तिकीट, आत दारू नाही,
म्हणून पोरं समोरच्या गुत्त्यातून
धीर घेऊन यायची, काही जरा जास्तच.
भिंतीपलीकडे कारखान्याचा मोठा घण,
रविवार सोडून अष्टौप्रहर.
तो ऐकू यायचा नाही, यायचा तो फरशीतून,
टाचेतून पोटरीत, पोटरीतून
जिथं हात ठेवायला विल्फ्रेड घाबरायचा तिथं.

सिरिल ड्रम वाजवायचा.
आठवडाभर त्याच घणापाशी उभा,
पंचविशीत कान गेलेले.
बूट काढून बसायचा, मोजे दोन रंगांचे.
आम्ही हसायचो.

शेवटची ट्राम आम्ही मुद्दाम चुकवायचो.
चढावर थांबत थांबत चिप्स खायच्या,
व्हिनेगरनं ओला झालेला पेपर,
परवाचाच, आज पायांऐवजी हातात.
एनिड त्यातलं राशिभविष्य मोठ्यानं वाचायची.
तिच्या राशीला प्रवास होता.
ती कॅनडाला गेली, पत्र एकच आलं:
इथं रात्री फार काळ्या आहेत.

पुढं तिकीट पौंडात गेलं, आमच्या कंबरा गेल्या,
विल्फ्रेड गेला (माझ्याशी नाही, डोरीनशी लग्न करून).
तरी महिन्यातून एकदा जायचो, दुपारचं, चहासकट.
अशाच एका दुपारी
वॉल्ट्झच्या मधोमध जोडपी एकमेकांवर आपटली.
कुणाचं पाऊल कुठं पडावं कळेना.
सिरिलनं काड्या वर धरल्या, तशाच ठेवल्या,
खाली आपल्या मोज्यांकडं बघितलं
आणि बहिरी माणसं बोलतात तसं, जोरात, म्हणाला:
"बंद पडलं."

पेपरात ते तीन दिवसांनी आलं.

आता तिथं गाद्यांचं दुकान आहे.
गेल्या हिवाळ्यात मी आणि डोरीन गेलो, पाठीचं निमित्त.
विकणारा पोरगा सभ्य, म्हणाला, आडव्या होऊन बघा की.
झालो. दोन म्हाताऱ्या, शेजारी शेजारी,
जिथं बँड बसायचा साधारण तिथं.
डोरीननं डोळे मिटून विचारलं, येतंय का काही?
पोरगा म्हणाला, नाही हो, स्प्रिंग अजिबात वाजत नाही.
मी म्हटलं,
गादी जाड आहे गं.

तिनं शेवटी एक उशी घेतली.
बसची वाट बघताना मांडीवर ठेवली
आणि दोन बोटांनी, बराच वेळ.